बहात्तर तास

नियम असा आहे: हुकूम निघाल्यापासून
बहात्तर तासांत तळघर रिकामं करायचं.
लापेनरांतातल्या या सहा मजली इमारतीत
ते काम माझ्याकडे. पगार नाही, किल्ल्या आहेत.

दर ऑक्टोबरात मी खाली उतरतो.
पोलादी दाराच्या रबरावर बोटानं टाल्क चोळतो,
हवेचा पंप हातानं फिरवून बघतो,
कोरड्या संडासांच्या पिशव्या मोजतो,
आणि मग जाळीच्या कप्प्यांपाशी उगाच रेंगाळतो,
लोकांनी काय काय जपून ठेवलंय ते पाहत.
स्कीच्या नऊ जोड्या.
एक पाळणा, त्यात मुरंब्याच्या बरण्या निजलेल्या.
ओर्वोक्कीबाईंच्या नवऱ्याचे मासेमारीचे बूट,
नवरा जाऊन अकरा वर्षं झाली,
बुटांना दर हिवाळ्यात तेल.
हुकूम आला की हे सगळं बाहेर, बर्फात.
जपलेलं बाहेर काढायचं
आणि जपणाऱ्यांनी आत शिरायचं.

पाचव्या मजल्यावरचा एलियेल टॉर्च धरायला येतो.
सुरक्षा या विषयावर त्याचा प्रबंध चालू आहे, चार वर्षं.
म्हणतो, धोका आधी असतो असं नाही,
कुणीतरी अधिकारानं ‘धोका’ म्हणावं लागतं,
पंचानं बाद म्हटलं की बाद, तसं.
म्हणतो, लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ बिनघोर.
मी म्हटलं, बिनघोर माणसाला
एवढा किल्ल्यांचा जुडगा कशाला लागेल?
त्यानं तेही वहीत लिहून घेतलं.

उबाह चौथ्या मजल्यावर राहते, मोगादिशूची.
तिनं एकच विचारलं: दार उघडतं कुठून?
आतून, मी म्हटलं, अभिमानानं.
ती दाराकडे बघत राहिली.
आमच्याकडे किल्ल्या ज्यांच्या कमरेला होत्या
त्यांच्यापासूनच पळालो आम्ही, म्हणाली,
आणि माझ्या कमरेकडे न बघता
जिना चढून गेली.

झिनाइदाचा मुलगा वीबोर्गला.
तासाभराची वाट, शनिवारची बस होती,
आता फाटक बंद आणि बस नाही.
तिनं फोनवर फोटो दाखवला:
तिकडचं तळघर, असंच दार, असलंच रबर,
आणि त्याच्यापुढे माझ्याच वयाचा एक टकला माणूस,
बोटांवर पांढरी भुकटी.
त्यांनाही नोटीस आलीय,
पलीकडचे तळघरं साफ करताहेत म्हणून.
आमच्या नोटिशीतही हेच वाक्य आहे,
फक्त पलीकडचे म्हणजे ते.
एलियेल एकदम खुलला. याला नाव आहे, म्हणाला,
मोठं नाव, अख्खं एक प्रकरण आहे.
असू दे बाबा नाव, झिनाइदा म्हणाली,
बटाटे कुठे ठेवायचे ते सांग.

बटाट्यांचं काही ठरलं नाही.

सगळे गेल्यावर मी दार आतून लावून पाहिलं.
तेही नियमात आहे, तीन मिनिटं.
मी दहा थांबलो असेन.
पंपाची घरघर, माझा श्वास,
भिंतीत कुठेतरी पाण्याचा थेंब.
खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
डोक्यावर पोलाद, पायाखाली खडक,
कुणी काही मागत नाही.
बिनघोर म्हणतात ते हेच असेल, असं वाटून गेलं.

दार उघडलं तर पायरीवर उबाहची धाकटी,
हातमोजे ओले, नाक लाल.
बाहेर बर्फ पडायला लागला होता,
तिला तिची घसरगाडी हवी होती.
किती वेळ वाजवत होतीस?
तिनं मूठ उघडून दाखवली, लालभडक.

घसरगाडी दिली. ती पळाली.
मग नोंदवहीत, नेहमीच्या रकान्यात, लिहिलं:
रबर उत्तम. दार नीट बसतं.
बाहेरचा आवाज
अजिबात आत येत नाही.